करबेवाची एक काडी

तेल धुरावलं, मोहरी तडतडून गप्प झाली, आणि फोडणीत टाकायला करबेव नाही. एवढ्यावरून त्या दिवशी भांडण पेटलं.

करबेव म्हणजे तुमचा कढीपत्ता. बंगळूरची जुनी मराठी माणसं इतक्या पिढ्या इथं राहून कढीपत्ता म्हणायचं विसरली, पण फोडणीत घालायचं विसरली नाहीत. बसवनगुडीतल्या त्या घराला करबेवाचं स्वतःचं झाड होतं, स्वयंपाकघराच्या खिडकीतून हात काढला की हाताशी येईल असं. मुळं भिंतीत शिरतील म्हणून प्रतापरावांनी ते आदल्याच दिवशी तोडवलं, बायकोला न विचारता.

"आता फोडणीत काय घालू? तुमच्या कोर्टातली फाइल?" अहल्याबाई आतून कडाडल्या.

"बाजारात मिळतो की."

"आणणार कोण? तुम्ही?"

"का? मागच्या खोलीत माहेरची एक आणून ठेवलीयेस ना? तिला धाड. फुकट राहतेय."

खिडकीबाहेर धुण्याच्या दगडापाशी सोयराबाई भांडी घासत होती. तिच्या हातातला काथ्या तिथंच थांबला. ती चोवीस वर्षांची. नवरा जाऊन चार महिने झालेले, सासरचं दार बंद झालेलं. संडूरच्या, म्हणजे माहेरगावच्या ओळखीवर अहल्याबाईंनी तिला आणलं, त्याला अकरा दिवस झाले होते.

"फुकट?" अहल्याबाई म्हणाल्या. "सकाळपासून घरातलं एकेक भांडं तीच घासतेय, कान असतील तर ऐका!"

"ते ती आपणहून करते. मी सांगितलं होतं का तिला? न सांगता केलेल्या कामाला मोबदला म्हणत नाहीत."

प्रतापराव कोर्टात शिरस्तेदार होते. माणूस वाईट नव्हता, पण कोर्ट घरी घेऊन यायचा. कोणाला जुनी छत्री दिली तरी बदल्यात एक लिंबू मागून घ्यायचा. म्हणायचा, बदल्यात काही घेतलं नाही तर दिलेला शब्द लंगडा.

"तिला राहा म्हटलं ते तू म्हटलंस," ते पुढे म्हणाले. "मी म्हटलं नाही. आणि फुकटात म्हणणारही नाही. आज राहा म्हणायचं, उद्या जा म्हणायचं, असला शब्द मला द्यायचा नाही."

"मग घ्या बदल्यात! रोज सकाळी फोडणीच्या आत तिनं करबेवाची एक काडी आणून द्यायची, तिच्या हातानं. ते खोलीचं भाडं. झालं?"

"करबेवाची काडी? हे काय भाडं झालं?"

"का? भाडं केवढं असावं, ते तुमच्या कायद्यात लिहिलंय?"

प्रतापराव खरे माणूस, आठवून बघत असणार. तसं कुठं लिहिलेलं नव्हतं.

जेवायच्या आधी त्यांनी एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर दोन ओळी लिहिल्या. सोयराबाई रोज सकाळी करबेव आणून देईल तोवर मागची खोली तिची, तिला कोणी उठवू नये. खाली सही, तारीख. अहल्याबाईंनी ती पत्रिका सोयराबाईच्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "सोयरे, हे जपून ठेव. आणि एवढं चुकवू नकोस."

भांडण आपण ऐकलं, हे सोयराबाई कधी बोलली नाही. पत्रिका तिनं लग्नाच्या शालूच्या घडीत ठेवली. डोक्यावर छप्पर आलं, आणि पायात एक दोरी आली. करबेवाच्या काडीएवढीच बारीक, पण रोजची.

गांधी बाजारात यल्लव्वा भाजी घेऊन बसायची. दोघी साधारण एका वयाच्या. भाजी घेतली की वर कोसरू म्हणून करबेवाची काडी यल्लव्वा आपणच टाकायची. कोसरू म्हणजे वरचं, फुकटचं. नुसता करबेव मागायला कोणी जात नाही आणि त्याचे पैसे कोणी घेत नाही, तेव्हाची रीत अशी. म्हणून सोयराबाई रोज एक लिंबू घ्यायची. एकट्या बाईला रोज लिंबू काय करायचं? लोणचं. त्या गल्लीत एवढं लिंबाचं लोणचं खाल्लं गेलं की नव्या सुना विचारायच्या, ह्या घरात लिंबाची बाग आहे का?

सहाला बाजार, साडेसहाला खिडकी. अहल्याबाई आतून म्हणायच्या, "ठेव." सोयराबाई काडी कट्ट्यावर ठेवायची. मग आतून कॉफीचा पेला यायचा. कॉफी पिऊन ती पेला धुऊन त्यात लोणच्याची एक फोड घालून परत द्यायची. रिकामं भांडं परत करू नये, एवढं तिला तिच्या आईनं शिकवलं होतं. बाकी दिवसभर ती खोलीत मशीनवर साड्यांना फॉल लावायची.

ती कॉफी कसली, हे मात्र तिला कधी कळलं नाही. मायेची असेल तर विचारायचं कशाला, आणि सौद्यातली असेल तर विचारून काय उपयोग?

तिचा धाकटा भाऊ विश्वासराव संडूरला. दर दसऱ्याला त्याचा फोन यायचा, आधी समोरच्या दुकानात, मग हातातल्या मोबाइलवर.

"अक्का, चार दिवस ये की गं. गाव बदललं बघ. तुला घर सापडायचं नाही आता."

"येईन रे."

"दर वर्षी हेच म्हणतेस. तिथं काय राज्य चालवतेस?"

काय सांगणार? करबेव आणायचा असतो, म्हणून सांगणार? ऐकणारा हसेल. ती पत्रिका काढून 'रोज' हा शब्द बघायची. चौथीपर्यंत शिकलेली, तेवढा शब्द नीट लागायचा.

अहल्याबाईंना पित्ताच्या खड्यांसाठी दवाखान्यात ठेवलं, तेव्हा सोयराबाई आठ दिवस बस धरून काडी तिथं घेऊन गेली. नर्स म्हणाली, "अज्जी, इथं सारू करणार का?" सोयराबाईनं काडी पाण्याच्या ग्लासाजवळ ठेवली आणि सरी, सरी, म्हणजे बरं बरं, म्हणत निघाली. साथीच्या दिवसांत बाजार बंद पडला, तर तीन गल्ल्या ओलांडून एका शाळेच्या कुंपणात झाड होतं तिथं जायची. पोलिसानं अडवलं.

"अक्का, कुठं?"

"करबेव आणायला."

"जीव जाईल, करबेव काय करता?"

"खोली जाईल," ती म्हणाली. त्याला काय कळणार? म्हातारी भ्रमिष्ट आहे समजून त्यानं वाट दिली.

विश्वासराव गेला तो त्याच्या पुढच्या वर्षी. पहाटेच कळलं. सोयराबाई बाजारात गेली, लिंबू घेतलं, काडी घेतली, खिडकीत ठेवली, मग बसस्टँड गाठला. संडूरला पोचेपर्यंत दिवस कलला होता. सगळं उरकून माणसं घरी आली होती. पुतणी संपदा म्हणाली, "आत्या, बाबा शेवटी तुमच्याच वाटेकडं बघत होते." सोयराबाई तिच्याजवळ तासभर बसली आणि परतीच्या बसमध्ये चढली. सकाळी साडेसहाला काडी कट्ट्यावर होती. अहल्याबाई "ठेव" म्हणाल्या, आणि त्या दिवशी कॉफीत साखर जास्त होती. एवढंच.

प्रतापराव मधेच केव्हा तरी गेले होते, हार घातलेल्या फोटोत जाऊन बसले. त्यांचा नातू अभिमन्यू एचएसआर लेआउटला कसल्याशा नव्या कंपनीत होता. गेल्या वर्षी तो बिल्डरला घेऊन आला. घर पाडायचं, चार मजले चढवायचे. बिल्डरची अट एकच, जागा मोकळी पाहिजे, कोणाचा दावा नको. अभिमन्यू मागच्या खोलीच्या दारात उभा राहिला. वाईट मुलगा नव्हे, चप्पल बाहेर काढून आला.

"सोयरा-अज्जी, तुमची सोय कुठेतरी करू आपण. चांगले आश्रम असतात हल्ली."

सोयराबाईनं ट्रंक उघडली आणि पत्रिका त्याच्या हातात दिली. त्यानं ती दोनदा वाचली. "कढीपत्ता? हे भाडं?"

दोन दिवसांनी तो वकील घेऊन आला. हयवदन त्यांचं नाव, केस पिकलेले, बोलणं हळू. पुढच्या खोलीत सगळे बसले, अहल्याबाई आरामखुर्चीत, सोयराबाई दाराच्या चौकटीला टेकून. वकिलांनी पत्रिका उजेडात धरली.

"प्रतापरावांची सही आहेच," ते म्हणाले. "प्रश्न मोबदल्याचा."

"तेच म्हणतोय मी," अभिमन्यू म्हणाला. "बाजारात फुकट मिळणारी काडी. त्यात यांनी दिलं काय?"

"केवढं दिलं, हे कायदा विचारत नाही. दिलं का, एवढंच विचारतो. फुकट मिळालेलं असो, काडीभर असो, चालतं. पण एक गोष्ट विचारतो." त्यांनी चष्मा काढला. "ते कशासाठी दिलं? मायेनं आणून दिलं असेल तर ती झाली भेट. भेटीच्या जोरावर खोली मागता येत नाही. शब्दाच्या बदल्यात दिलं असेल, तर तो सौदा. मग तुमच्या खोलीला कोणी हात लावू शकत नाही. अक्का, तुम्हीच सांगा, करबेव का आणत होता?"

अभिमन्यू पटकन म्हणाला, "मायेनंच हो. घरच्यासारख्या आहेत त्या. हो ना, अज्जी?"

सोयराबाईनं अहल्याबाईंकडे पाहिलं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या. त्रेचाळीस वर्षांत ह्या दोघींनी एकमेकींना विचारलं नव्हतं, ते आज परका माणूस चार जणांत विचारत होता. आणि एकच उत्तर देता येणार होतं. माया म्हटलं तर खोली गेली. सौदा म्हटलं तर दवाखान्यातल्या त्या आठ काड्यासुद्धा सौद्यातल्या झाल्या.

सदुसष्टाव्या वर्षी आश्रमातल्या खाटेवर, अनोळखी बायकांत. तिनं मान खाली घातली.

"भाडं म्हणून," ती म्हणाली. "एक दिवस चुकवलं नाही."

फोटोतल्या प्रतापरावांना बरं वाटलं असेल. दुसऱ्या कोणाला वाटलं नाही. अहल्याबाईंचं बोट पदरात तसंच राहिलं. मग त्या म्हणाल्या, "लिहा वकीलसाहेब. मीही भाडं म्हणूनच घेतलं."

हयवदन काही वेळ लिहीत राहिले. लिहिता लिहिता सहज म्हणाले, "एवढं रोजच्या रोज धरायचं कारण नव्हतं हो. मधे चार-आठ दिवस चुकले असते आणि घेणारीनं तक्रार केली नसती, तर कोण काढणार होतं?"

सोयराबाई चौकट सोडून खाली बसली.

"चार दिवस?" ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं अहल्याबाईंकडे वळून, "अक्का, मी संडूरला जाऊ शकले असते. तू का नाही बोललीस?"

"तू विचारलंस कधी?" अहल्याबाईंचा आवाज चढला, अगदी त्या जुन्या भांडणासारखा. "मला वाटलं, मी नको म्हटलं की तुझा हक्क मोडला! मुलगा सिंगापूरला बोलावून बोलावून थकला. मी गेले? काडी घ्यायला घरात कोण होतं?"

अभिमन्यू एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता. "म्हणजे तुम्ही दोघी, एका काडीसाठी..."

"तुझ्या आजोबांनी 'रोज' लिहिलंय," अहल्याबाई म्हणाल्या. "त्यांना विचार जा."

नवा कागद झाला. नव्या इमारतीत तळमजल्यावर एक खोली सोयराबाईची, हयातभर. बदल्यात काय लिहू, असं वकिलांनी विचारलं, तेव्हा अहल्याबाई म्हणाल्या, "करबेवाची एक काडी. एकदाच." ती तिथल्या तिथं देऊन झाली. ह्यापुढे काही आणायला नको, असं अभिमन्यूनं दोनदा समजावलं. सोयराबाई दोन्ही वेळा सरी म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी सहाला उठली. पाय आपले आपण चपलेत गेले. दोरी सुटल्याचं पायांना कोणी सांगितलं नव्हतं.

घर बांधून होईस्तोवर अहल्याबाई नातवाकडे राहणार आणि सोयराबाई संपदाकडे संडूरला, असं ठरलं. ज्याच्यासाठी जायचं तो नाही, आणि जायला आता दिवसच दिवस.

निघायच्या दिवशी नऊची बस होती. सहाला सोयराबाई गांधी बाजारात.

"आज गावाला ना, अक्का?" यल्लव्वा म्हणाली. "मग करबेव कशाला?"

"लिंबू दे आधी."

यल्लव्वानं लिंबू दिलं, वर काडी टाकली. नेहमीपेक्षा स्वल्प मोठी होती, सोयराबाईनं ती बदलून नेहमीएवढी घेतली.

स्वयंपाकघर रिकामं झालं होतं. शेगडी बांधलेली, कढई कुठल्याशा खोक्यात. खिडकीशी अहल्याबाई मात्र उभ्या होत्या.

"उशीर केलास."

"लिंबू निवडत होते."

"ठेव."

तिनं काडी कट्ट्यावर ठेवली, जिथं रोज ठेवायची तिथंच. तेल नाही, मोहरी नाही. अहल्याबाईंनी समोरच्या हॉटेलातून मागवलेली कॉफी पुढे केली, कागदाच्या पेल्यात. सोयराबाई ती उभ्या उभ्या प्यायली. पेला टाकून द्यायचा, तो कोणी परत मागत नाही. तिनं तो नळाखाली धरला, पदरानं पुसला, आत लिंबू ठेवलं आणि कट्ट्यावर सरकवला.

अहल्याबाईंनी पेल्यात डोकावून पाहिलं. "लोणचं कुठंय?"

"बरणी खोक्यात गेली. परत आले की."

"बरं. पिशवी उचल, रिक्षा थांबलीय."