पंचाच्या पानावर स्वतःचे नाव

बळीराम सोनकांबळेसाहेबांची आणि माझी पहिली ओळख नांदेडच्या न्यायालयात झाली, आणि ती काही चांगली झाली नाही. मी सरकारी वकील होते, ते फौजदार. भोकरकडच्या एका खुनात त्यांनी आरोपीच्या घरातून कुऱ्हाड जप्त केली होती. पंच होता ठाण्यासमोरचा चहावाला. बचावाच्या वकिलांनी त्याला विचारले, "आजवर किती पंचनाम्यांवर सह्या केल्या?"

"मोजल्या न्हाईत साहेब. चहा देतो, सही करून येतो."

हशा पिकला. पंचनामा ठाण्यात बसून लिहिल्याचे उघड झाले आणि आरोपी सुटला. बाहेर मी साहेबांना नको तितके बोलले. "चूक माझी हाय मॅडम," एवढेच ते म्हणाले. हाताखालच्या कोणाचे नाव घेतले नाही.

निवृत्तीनंतर लातूरला राहून त्यांनी पोलिसांसाठी झडती-जप्तीच्या कायद्याचे मोबाईल ॲप तयार केले. दारात उभ्या शिपायाला कलमे पाठ म्हणायची नसतात, पुढे काय करायचे ते कळायला हवे असते. म्हणून ॲप एकेक प्रश्न विचारते. पंच कोण? त्याच भागात राहणारे आहेत का? महिलेची झडती असेल तर महिला पोलीस आहे का? चित्रीकरण सुरू केले का? नेटवर्क नसले तरी ते चालते. साहेब एसटीने देगलूरपर्यंत जाऊन नव्या शिपायांच्या हाती ते देत आणि ते कुठे अडखळतात ते वहीत टिपत.

मीही तोवर लातूरला राहायला आले होते; मसुदे तपासायला ते माझ्याकडेच येत. माझ्या डोळ्याचे ऑपरेशन झाले तेव्हा पंधरा दिवस रोज येऊन त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवले, वर घरून डबाही आणला. मी तरीही चुका काढल्या.

ॲपमधल्या पंचांच्या पानावर उदाहरण म्हणून त्यांना भोकरचाच खटला द्यायचा होता. त्याआधी ते मृताच्या वडिलांना विचारायला गेले; मी सोबत होते. म्हाताऱ्यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "लिवा. माझ्या लेकराचं नाव नगं. तुमचं टाका."

साहेबांनी टाकले.

साहेबांचा सत्कार करायचे आणि गौरव अंक काढायचे ठरल्यावर सत्कार समितीतले एक जुने हवालदार त्यांना म्हणाले, "साहेब, साठीचा सत्कार हाय. तेवढं नाव काढा की. पोरं हसायलेत."

"हसू द्या. हसून का होईना, पंच नीट आणतेत ना?"

"तरी बी साहेब..."

"म्हाताऱ्याला शब्द दिलाय. ह्या अंकात बी ते लिहा, न्हाईतर सत्कार नको."

म्हणून मी ते लिहिले.

कायदा बदलला की ॲप दुरुस्त करावे लागते, आणि ते काम दुसऱ्या कोणावर सोपवायला मी तयार नाही. तेव्हा साहेबांनी ठणठणीत राहावे, खूप वर्षे जगावे आणि चुकेल ते दुरुस्त करत राहावे. ते नाव तेवढे आहे तसे असू द्यावे.