बिनआवाजाची गाडी आणि बाबाचा पाय

गाडी घरी आली त्या दिवशी बाबा पुढच्या सीटवर बसला, पट्टा लावला आणि म्हणाला, "चालू कर."

"चालूच आहे," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग डॉक्टर पोटावर हात ठेवतो तसा तळवा डॅशबोर्डवर ठेवला. "काय हालत न्हाय," तो म्हणाला. मी ब्रेक सोडला आणि गाडी अंगणातून रस्त्यावर आली. चाकांखाली खडी करकरली, तेवढाच आवाज. मागून कुणी ढकलतंय का म्हणून बाबाने वळूनही पाहिलं.

बाबाने तीसेक वर्षं न्हावा शेव्याला कंटेनरचा ट्रेलर चालवला. आमच्या गावातल्या मिठागरांची कामं कमी झाली आणि बंदर वाढलं, तेव्हा तो मिठावरून उठून स्टिअरिंगवर बसला. उजव्या कानाने त्याला आता कमी ऐकू येतं, पण इंजिनाच्या बाबतीत नाही. ओटीवर जेवायला बसलेला असताना रस्त्यावरून एखादा ट्रक गेला की घास हातात धरून तो थांबायचा. "याचा बेल्ट जानार." दोन दिवसांनी कळायचं, गेला. आवाज म्हणजे त्याच्या लेखी गाडीची तब्येत. माझी पेट्रोल-बॅटरीवरची हायब्रिड गाडी मात्र त्याला एखाद्या घुम्या माणसासारखी वाटली. "मनात काय हाय ते कलत न्हाय," तो म्हणाला, आणि पुढचे काही महिने तिच्याबद्दल काहीच बोलला नाही.

मी ती घेतली तीच मुळी शांततेसाठी. माझं ऑफिस पनवेलला. जाता-येता दोन्ही बाजूंना ट्रेलरच्या रांगा असतात, आणि जुन्या गाडीने घरी पोचले की तासभर डोक्यात घरघर राहायची. नवी गाडी कोंडीत उभी राहिली की इंजिन आपसूक बंद होतं, एसी चालू राहतो. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या रिक्षातल्या दोन बायकांचं अख्खं भांडण मला काच बंद असून ऐकू आलं. चूक धाकटीची होती.

तक्रार एकच होती. चढ आला की गाडी ओरडायची. पाय दाबला की इंजिन एकदम वर जायचं, मिक्सर लावल्यासारखं, आणि वेग मात्र सावकाश यायचा. मी सर्व्हिसिंगला दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा उत्तर एकच, "मॅडम, हायब्रिडमध्ये असंच असतं."

थंडीच्या दिवसांत आईला मावशीकडे म्हसळ्याला सोडायला गेलो. बाबाही बरोबर होता. घाटात गाडी इतकी ओरडली की आईने कानावर पदर धरला. परतताना गाडीत मी आणि बाबा दोघंच. घाट लागला तेव्हा त्याने गाणी बंद करायला लावली आणि डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झोपला. तिसऱ्या वळणावर डोळे न उघडताच म्हणाला, "पाय उचल."

"अरे बाबा, चढ आहे. थांबेल ती."

"न्हाय थांबत. जरासा उचल."

मी उचलला. गॅस बारीक केल्यावर दूध खाली बसतं तसा आवाज खाली बसला. वेगाच्या काट्यात म्हणावा असा फरक नाही. मी परत दाबलं, परत ओरडली. उचललं, गप्प.

"आमच्या ट्रेलरला चाक जेवढं फिरंल तेवढंच इंजन बोलायचं," बाबा म्हणाला. "हितं तसं न्हाय. इंजन आपल्या हिशेबानं चालतंय, चाकाला बॅटरीचा पन हात हाय. तू घाबरून दाबतेस, म्हनून ते ओरडतं. चाकाला तेवढं नकोच हाय."

सहा महिने मी ती गाडी चालवत होते, सोबतचं जाडजूड पुस्तक वाचलं होतं. त्याला एक घाट पुरला. मला थोडा रागच आला, खरं सांगायचं तर. पण पाय उचलून चालवत होते.

आठव्या दिवशी मावशीचा फोन आला. आई मागच्या पायरीवरून घसरून पडली होती. मणक्याला बारीक चीर होती. ऑपरेशन नको, पण पट्टा बांधून दीड-दोन महिने विश्रांती, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. दहा दिवस आई मावशीकडे पडून राहिली आणि अकराव्या दिवशी म्हणाली, "मना घरी न्या." मावशी रडली, मी समजावलं, आई ऐकेना. डॉक्टर म्हणाले, "सीट मागे पाडून नेता येईल. पण धक्का बसता कामा नये." मग त्यांनी मोरब्याकडचा खड्ड्यांचा रस्ता आणि हायवेची कामं आठवून मान हलवली.

आम्ही सकाळी लवकर पोचलो. आईला चौघांनी धरून पुढच्या सीटवर निजवल्यासारखं बसवलं, कमरेखाली उशा दिल्या. एवढ्यानेच तिच्या कपाळावर घाम आला होता. मी स्टिअरिंगकडे निघाले तर बाबाने हात पुढे केला. "चावी दे."

त्याने गाडी सोडून सहा वर्षं झाली होती. लायसन मात्र वेळच्या वेळी नवं करून घ्यायचा, का ते मी कधी विचारलं नव्हतं. मी चावी दिली. त्या काळ्या डबीकडे बघून तो म्हणाला, "हिला चावी म्हनायचं?" आणि खिशात टाकली. बटण कुठलं, गिअर कसा, हे मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला लागले तेव्हा त्याने मला मागे बसायला सांगितलं.

मावशीच्या गल्लीतून गाडी निघाली ते मला कळलंच नाही. खिडकीतली भिंत सरकायला लागली तेव्हा कळलं. घाट सुरू झाला आणि मी सवयीने अंग आवळून इंजिनाच्या ओरडण्याची वाट बघत राहिले. ते आलंच नाही. मधेच एक बारीक गुणगुण यायची, वळण सरलं की विरून जायची. बाबा वळणाच्या कितीतरी आधी पाय काढायचा, मग गाडी आपोआप मंदावायची, आणि ब्रेकवर पाय टेकवायचा तो नुसता शेवटाला. खड्डा टाळता आला नाही तर त्यावरून इतक्या सावकाश जायचा की आधी एक चाक उतरतंय, मग दुसरं, हे मोजता यायचं. मागच्या जीपवाल्याने हॉर्न दिला. बाबाने हात बाहेर काढून त्याला पुढे घातलं.

उताराला लागल्यावर त्याने विचारलं, "पाय काढला की जरा वडल्यासारखं होतंय. ते काय हाय?"

"उताराचा जोर बॅटरीत भरला जातो, बाबा."

"म्हंजे उतार फुकट जात न्हाय." पुढच्या वळणाआधी त्याने पुन्हा पाय काढून बघितला. मग म्हणाला, "शाना मानूस हाय ज्यानं बनवली तो."

बाबाच्या तोंडून एखाद्या यंत्राची एवढी स्तुती मी पहिल्यांदा ऐकली.

माणगावच्या पुढे आई बोलायला लागली. आधी मावशीच्या सुनेबद्दल, मग पापलेटाबद्दल, मग एकदम म्हणाली, "तुमच्या गारीत बसून तुमचं बोलनं ऐकू येतंय, हे पयलंच."

लग्नानंतर दोन-चारदाच ती त्याच्या ट्रेलरमध्ये बसली होती. केबिनमध्ये एकमेकांना ओरडून सांगावं लागायचं, म्हणून कुणी काही सांगायचंच नाही. तिला त्या आवाजाचा उपयोग एवढाच, की तो नाक्यावर वळला की घरात कळायचं आणि ती तवा ठेवायची. हे ती सांगत होती आणि बाबा समोर बघून "व्हय, व्हय" म्हणत होता. पुढे केव्हातरी तिचं बोलणं थांबलं. मी वाकून पाहिलं. तिला झोप लागली होती, दहा दिवसांत पहिल्यांदा गोळीशिवाय.

वडखळला कोंडी होती. आजूबाजूला ट्रक थरथरत उभे होते, एकाचं सायलेन्सर फुटलेलं. आमची गाडी त्या गोंगाटात निश्चल उभी राहिली, आणि रांग हलली की पाण्यावर होडी सरकावी तशी पुढे व्हायची. आई जागी झाली नाही. बाबाने मला आरशातून खूण केली, बोलू नको म्हणून. मी बोलतच नव्हते.

घरी पोचायला नेहमीपेक्षा दोन तास जास्त लागले. आईला उचलून पलंगावर ठेवल्यावर तिने पहिली गोष्ट विचारली ती मीठ-मिरचीचे डबे कुणी हलवले ही. पट्टा दोन महिन्यांनी सुटला. आता ती अंगणात चालते, पायरी उतरताना भिंत धरते.

आणि माझी गाडी रविवारी माझी नसते. नाश्ता झाला की बाबा शर्ट बदलून येतो, आई मऊ उशी काखेत घेऊन पुढे बसते, आणि दोघं कुठे कुठे जाऊन येतात. गेल्या महिन्यात काशीदपर्यंत गेली होती. येताना ओली वाकटी मासळी आणली, गाडीला दोन दिवस वास होता. सोमवारी मी ऑफिसला निघाले की बाबा ओटीवरून बघत असतो. चार दिवसांपूर्वी नाक्याच्या चढावर गाडी ओरडली, आणि संध्याकाळी घरात पाऊल टाकायच्या आत त्याने विचारलं, "सकाली येवढी घाई कसली व्हती?"