आठव्या दिवशीचा फोन

प्रवासाहून आलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी काही विचारू नये, असं अनुभवताईंचं पक्कं मत होतं. दुसऱ्या दिवशी माणूस पायाचे फोड आणि परदेशातले संडास यांपलीकडे जात नाही. बरं, महिनाभर थांबावं तर तोवर त्याची गोष्ट झालेली असते. ओढ्याची नदी होते, कुत्र्याचा लांडगा होतो आणि सगळ्यांना संकटातून सोडवणारा तो स्वतःच निघतो. खरं बोलण्याचा दिवस एकच, आठवा. तोवर कपडे धुऊन वाळलेले असतात, फोटो बघून नातेवाईक कंटाळलेले असतात, आणि आता आपलं कुणीतरी नीट ऐकून घ्यावं असं त्या माणसाला मनापासून वाटू लागतं. नेमका त्याच सकाळी अकरा वाजता ताईंचा फोन जायचा.

चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्यांची कंपनी होती. एका गटात बारापेक्षा जास्त माणसं घ्यायची नाहीत, बरोबर एक जाणता गाइड द्यायचा आणि परदेशातले डोंगर, वाळवंटं, नद्या पायी किंवा होडीतून दाखवायच्या, असा त्यांचा धंदा. कंपनीच्या पुस्तिकेच्या शेवटच्या चार पानांवर प्रवाशांचे अनुभव छापून यायचे. ते फोनवरून गोळा करून वहीत उतरवणं हे ताईंचं बावीस वर्षांचं काम. म्हणून त्या अनुभवताई. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं.

सहल कशी झाली, असं त्या कधीच विचारत नसत. त्याला ‘छान’ एवढंच उत्तर येतं आणि ‘छान’चं काय करायचं? त्या विचारायच्या, गाडीत तुमच्या शेजारी कोण बसायचं? एवढं विचारलं की पुढचा अर्धा तास ताईंना फक्त लिहायचं काम उरायचं. कोण घोरायचं, कोण रोज सकाळी दुसऱ्याचं टूथपेस्ट मागायचं, कुणाचं कुणाशी तिसऱ्या दिवशी वाजलं आणि पाचव्या दिवशी कसं मिटलं. बावीस वर्षं हे ऐकून ऐकून ताईंना परदेश पाठ झाला होता. “त्या वळणावर डावीकडे बसला असाल, तर तुम्हाला धबधबा दिसला असणार,” असं त्या सहज म्हणून जायच्या आणि समोरच्याला वाटायचं, बाई इथे दहा वेळा तरी जाऊन आल्यात.

आणि खरी गोष्ट अशी, की बाई कुठेच गेल्या नव्हत्या. त्यांचा पासपोर्ट होता, पण पहिल्या दिवसाइतका कोरा. ताईंना उंचीची भीती वाटायची. साधीसुधी नाही, स्टुलावर चढायचीसुद्धा. एकदा यजमान बाहेरगावी असताना त्या माळ्यावरची बॅग काढायला स्टुलावर चढल्या, आणि शेजारीण येईपर्यंत पाऊण तास तिथेच भिंतीला धरून उभ्या राहिल्या. जुने साहेब दर वर्षी त्यांना एखाद्या गटात रिकामी जागा देऊ करत आणि दर वर्षी ताई म्हणत, मग फोन कोण करणार? झाकली मूठ सव्वा लाखाची.

ही मूठ ऑफिसातल्या एकाच माणसाला ठाऊक होती. तो म्हणजे उंट. उंट हा कंपनीचा सर्वांत जुना गाइड. उंच, लांब मानेचा, पाणी कमी पिणारा आणि बोलणं त्याहून कमी. नावाने उंट असला तरी शेळ्या मात्र तो पायी चालून हाकायचा. सोळा वर्षांत त्याच्या गटातलं एकही माणूस जायबंदी होऊन परतलं नव्हतं. सहलीहून आला की ताईंसमोरच्या खुर्चीत बसून तो तीन कप चहा प्यायचा आणि मोजून दहा-बारा वाक्यं बोलायचा. बाकीच्यांच्या पानं पानं भरलेल्या अनुभवांपेक्षा ताईंना ती वाक्यं जास्त भरवशाची वाटायची. आपल्याला सख्खा भाऊ नाही ही खंत ताईंना याच्यामुळे कधी फारशी टोचली नाही.

या खेपेला तो आला, तीन कप चहा प्यायला आणि एक अक्षर न बोलता उठून गेला.

का, ते दुपारी कळलं. पाच दिवसांचा डोंगरातला ट्रेक होता. पाचव्या दिवशी खिंडीत पोचायचं आणि तिथून खालचं बर्फाचं तळं बघायचं. पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर फोटो होता तो त्याच तळ्याचा. आणि तिथल्या स्थानिक कंपनीने कळवलं होतं की, हवा स्वच्छ असताना तुमचा गट खिंडीच्या तासभर अलीकडून परत फिरला. छोट्या साहेबांनी उंटाला बोलावून कारण विचारलं. तो म्हणाला, “माझा निर्णय होता.” पुन्हा विचारलं, तर पुन्हा तेच.

छोटे साहेब म्हणजे जुन्या साहेबांचे चिरंजीव. वाईट माणूस नव्हता, पण डोंगर फक्त नकाशावर पाहिलेला. लोकांना मुखपृष्ठावर तळं दाखवायचं आणि तासभर अलीकडून परत आणायचं, हे त्यांच्या पचनी पडेना. त्यांचंही तसं चूक नव्हतं. शनिवारी पुढच्या हंगामाचं वेळापत्रक पक्कं व्हायचं होतं. तोवर कारण कळलं नाही तर उंटाचं नाव त्यात नसेल, असं त्यांनी सांगून टाकलं. ताईंना म्हणाले, “तुम्ही फोन करणारच आहात ना त्या अकरा जणांना? तेवढं काढून घ्या.”

ताईंनी जेवणाचा डबा तसाच बंद केला. उंटाच्या दोन मुली शाळेत होत्या, आणि चालणं सोडून दुसरं कुठलंही काम त्याला येत नव्हतं.

आठवा दिवस गुरुवारी आला. ताईंनी वही उघडली आणि सुरुवात केली. विमा कंपनीतल्या बाई म्हणाल्या, वारा फार सुटला होता, उभं राहवेना. दातांचे डॉक्टर म्हणाले, वारा कसला, पान हलत नव्हतं, धुकं होतं. दोघे भाऊ एकत्र गेले होते. थोरला म्हणाला, धाकट्याचं पोट बिघडलं, आणि धाकटा म्हणाला, दादाचं पोट बिघडलं, पण त्याला सांगू नका मी सांगितलं म्हणून. एका नवऱ्याने सांगितलं की बायकोच्या बुटाचा तळ निघाला. बायकोने फोन घेऊन सांगितलं की पुढे दरड पडली होती. बुटाचं विचारलं तेव्हा म्हणाली, बूट ना, हो, तोही. वनस्पतिशास्त्राचे एक प्राध्यापक होते. त्यांनी तर कमालच केली. पुढच्या वाटेवर एक दुर्मीळ फूल उगवलं होतं, ते पायदळी जाऊ नये म्हणून आम्ही सर्वांनी मागे फिरायचं ठरवलं, असं ते धीरगंभीर आवाजात म्हणाले.

खोटं बोल पण रेटून बोल म्हणतात, पण इथे सगळेच रेटत होते, आणि प्रत्येक जण वेगळ्या दिशेने. त्यांनी आपसात ठरवलं असतं तर सगळ्यांनी एकच थाप मारली असती. तळं न दिसल्याचं मात्र दहांपैकी एकालाही दुःख नव्हतं.

आणखी एक गोष्ट ताईंना खटकली. त्या गटात एक निवृत्त हेडमास्तर होते. ही त्यांची कंपनीबरोबरची तिसरी सहल. आधीच्या दोन्ही सहलींनंतर त्यांनी अनुक्रमांक घालून तक्रारींची पत्रं पाठवली होती, आणि आधीच्या दोन्ही गटांनी त्यांच्याबद्दल तक्रार केली होती, की हा माणूस नाश्त्याला हजेरी घेतो. या वेळी मात्र दहाच्या दहा जणांनी, ताईंनी विचारलेलं नसताना, एक वाक्य जाताजाता सांगितलं होतं. हेडमास्तर फार सज्जन गृहस्थ आहेत.

ताईंनी पेन खाली ठेवलं. गुरुवार तसाच गेला.

अकरावा फोन त्यांनी शुक्रवारी सकाळी केला, तोही दोनदा नंबर फिरवून आणि दोनदा ठेवून. उंटाने ज्याच्यासाठी मूग गिळले, ते आपण उघडं करणारे कोण? आणि नाही करावं तर उद्याचा शनिवार काही टळणार नव्हता. हेडमास्तरांनी फोन घेतला. सामान व्यवस्थित आलं, म्हणाले. जेवण ठीक होतं, तंबू ठीक होते. तक्रार काही नाही. असं म्हणून ते गप्प झाले, आणि या माणसाला गप्प बसलेलं ताईंनी कधी ऐकलं नव्हतं.

“सर, मी तुम्हाला एक सांगते, ते कुठे छापायचं नाहीये,” ताई म्हणाल्या. “मी आजवर कुठेही गेलेले नाही. तुम्ही पाहिलंत त्यातलं काहीच मी पाहिलेलं नाही. मला साध्या स्टुलावर चढता येत नाही. चढले, तर उतरता येत नाही.”

मग हेडमास्तरांनी विचारलं, “उतरता येत नाही म्हणजे नेमकं काय होतं?”

“पाय आपले राहत नाहीत.”

“हो,” ते म्हणाले. “अगदी तसंच.”

मग त्यांनी सांगितलं. खिंडीच्या अलीकडे वाट एकदम अरुंद झाली. एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. बाकीचे पुढे निघून गेले आणि हे मध्यावर खाली बसले. पुढे जाता येईना, मागे येता येईना. छत्तीस वर्षं शाळा ज्या आवाजाला थरथरली, तो आवाजही फुटेना. उंट मागे आला, त्यांच्यासमोर मांडी घालून बसला आणि पाऊण तास त्यांना शाळेबद्दल विचारत राहिला. घंटा कोण वाजवायचं, पटांगणात झाडं कुठली होती. श्वास जागेवर आल्यावर तो उठला आणि पुढच्या लोकांना मोठ्याने म्हणाला, की आज पुढची वाट बरी दिसत नाही, सगळ्यांनी परत फिरायचं. गाइडशिवाय कुणी पुढे जायचं नाही हा तर नियमच होता. परतताना हेडमास्तरांचा हात त्याने शेवटपर्यंत सोडला नाही.

“नशीब, कुणाला काही कळलं नाही,” हेडमास्तर म्हणाले. “सगळे जण तेवढा वेळ पाठ करून दरीकडे बघत बसले होते.”

पाऊण तास. दहाच्या दहा जण. ताईंनी वहीतल्या दहा थापांचं नाव काढलं नाही. त्यांनी फक्त शनिवारचं सांगितलं. उंटाने तोंड उघडलेलं नाही, तो उघडणारही नाही, आणि तुम्ही नाही म्हणालात तर मीही कुणाला सांगणार नाही, हेही सांगितलं. शेवटचं वाक्य त्यांना जड गेलं, कारण ते त्यांना पाळावं लागलं असतं.

हेडमास्तरांनी एवढंच विचारलं, की साहेब उद्या किती वाजता येतात.

शनिवारी दहाला ते आले. इस्त्रीचा सदरा, हातात छत्री. छोट्या साहेबांनी बसायला सांगितलं तरी बसले नाहीत. उभ्यानेच, वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचावं अशा आवाजात त्यांनी सगळं सांगितलं. मी घाबरलो, मी खाली बसलो, माझ्यामुळे दहा लोकांचं तळं हुकलं, आणि या माणसाने ते स्वतःच्या अंगावर घेतलं. दोन खोल्यांचंच ऑफिस. ऐकलं नाही असं कुणी उरलं नाही. छोटे साहेब मधेच कधीतरी खुर्चीतून उठून उभे राहिले होते. त्यांनी वेळापत्रकाचा कागद ओढला आणि पहिल्याच रकान्यात उंटाचं नाव लिहिलं. दाराशी उभा असलेला उंट कानापर्यंत लाल झाला आणि चहा सांगायला म्हणून जिना उतरून निघून गेला.

हेडमास्तर ताईंच्या टेबलापाशी आले आणि आता मात्र मटकन खुर्चीत बसले. पोरांच्या परीक्षेला मी इतका घामाघूम झालो नव्हतो, म्हणाले. मग आवाज अगदी खाली आणून त्यांनी विचारलं, “ताई, खरं सांगा. बाकीच्यांना कळलं होतं का?”

नाही म्हणणं सोपं होतं. माणूस हलक्या मनाने घरी गेला असता. ताईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि वही फिरवून त्यांच्यासमोर ठेवली.

हेडमास्तरांनी चष्मा लावला. वारा. धुकं. धाकट्याचं पोट, थोरल्याचं पोट. निघालेला तळ, पडलेली दरड. बोट एकेका ओळीवर ठेवत ते खाली आले, फुलाशी पोचले आणि तिथे थांबले. ती ओळ त्यांनी पुन्हा वाचली. मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. डोळे पुसायचे राहूनच गेले.

“दहा माणसं,” ते म्हणाले, “आणि एकालाही धड खोटं बोलता येत नाही.”

त्यांनी ताईंचा फोन स्वतःपुढे ओढून घेतला आणि पहिला नंबर सांगा म्हणाले.