आठवं रीळ शेवटी

म्हाताऱ्या माणसाला त्याचा आवडता सिनेमा दाखवावा आणि गप्प बसावं, एवढी अक्कल फर्दापूरच्या शाळेत शिकवत नाहीत. म्हणून धम्मपाल बोलून गेला, "कडूबामामा, तुमची रिळं उलटी लागली होती. सिनेमा संपला."

कडूबामामा त्याचे घरमालक. छावणीतल्या टॉकीजचे ऑपरेटर होते. टॉकीजचं आता गोदाम झालंय. मागच्या दिवाळीत पारूमामी गेल्या, तेव्हापासून मामा बोलले तर एकाच सिनेमाबद्दल. इटलीचा, भुताचा, काळा-पांढरा. नाव ठाऊक नाही.

"रंग नाय, तरी अंगात थंडी भरती बघ! एका मेणबत्तीवर अख्खा महाल उजळवलाय गड्यानं."

तीन आठवडे इंटरनेट उपसून धम्मपालनं तो हुडकला आणि दुपारी लॅपटॉपवर लावला. मामा गुडघे धरून पुढं सरकले. "आधी सावली बघ धम्मा, माणूस मागून येतो. धुकं बघ कसं सोडलंय, दुधावर साय धरावी तसं."

शेवटी सिनेमातली पोरगी मेली. दगडी शवपेटीवर झाकण सरकलं. समाप्त.

मामा तसेच बसून. "लाव की म्होरं. आता ती उठती, मेणबत्ती घिऊन जिना उतरती."

जिन्याचा सीन तर तिच्या मरणाआधीच होऊन गेला होता. तेव्हा धम्मपालनं ते शहाणपण पाजळलं.

"ठावं हाय मला," मामा म्हणाले. "पहिल्या खेळाला घाईत शेवटचं, नववं रीळ आधी लागलं, आठवं मागून. समाप्तची पाटी यिऊन गेली, तरी पोरगी जिना उतरतीय आन् पब्लिक गुमान बसलेलं! भाषा कुणाला कळती? तुजी मामी डबा घिऊन आल्ती. केबिनच्या खिडकीतनं बघून म्हनली, 'उठली की वो बाई! लई बरं झालं.' डोळं पुसत हसली. मग हप्ताभर मुद्दाम तसाच लावला."

धम्मपालनं लॅपटॉप आपल्याकडं ओढला.

"दवाखान्यात शेवटाला तिनं इचारलं, 'ती पोरगी उठली व्हती ना वो?' म्हनलं, व्हय, उठली."

"मी तोडून, जोडून देतो मामा, तुमच्यासारखाच. रविवारी."

कापायला बसल्यावर मात्र त्याची गाडी अडली. जुन्या प्रिंटवर रीळ संपताना पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका यायचा. इंटरनेटवरच्या स्वच्छ केलेल्या प्रतीत सगळे ठिपके पुसलेले. आठवं नेमकं कुठं संपायचं, ते सांगणारा एकच माणूस.

"मामा, नववं कुठनं सुरू व्हायचं, तेवढं दाखवा."

"ती मरायला लागती तिथनंच कुठंतरी," मामा म्हणाले. "नेमकं दावायचं म्हंजी तिला पुन्यांदा मरताना बघावं लागंल."

आणि त्यांनी लॅपटॉपचं झाकण हळूच खाली केलं.

तीन रविवार गेले. मामा जोडलेला सिनेमा मागत नाहीत. धम्मपालनं दिलेला नाही.