शहाला घातलेला हार

आमच्या जळगावच्या घरात बैठकीच्या भिंतीवर तीन फोटो: आजेसासरे, आजेसासू आणि इराणचा शहा. दसऱ्याला तिघांनाही झेंडूचा हार. लग्न होऊन आले तेव्हा छातीवर बिल्ले लावलेला हा घरातलाच कोणी पराक्रमी पुरुष असेल असं समजून मी त्याच्याही पाया पडले होते. सगळं घर हसून लोळलं.

हे खूळ माझ्या सासऱ्यांचं, नानांचं. तरुणपणी ते इराणात ट्रकदुरुस्तीच्या कामावर होते. शहाची गादी गेली, त्यात नानांची नोकरीही गेली. एक गालिचा, एक थर्मास आणि हा फोटो घेऊन ते परत आले. तेव्हापासून एकच पालुपद. शहानं कुळांना जमिनी दिल्या, बायांना मत दिलं, सडका केल्या. "शहाना राजमा बठ्ठं झकास व्हतं!" बठ्ठं, म्हणजे सगळंच. आणि शेवट ठरलेला: लोकांना काय कळतं, वर खमका माणूस पाहिजे. टीव्हीवर इराणचं नाव निघालं की गल्लीतले लोक मुद्दाम नानांना डिवचायला येतात, आणि नानांना ते कौतुक वाटतं. मला त्या शहाचा इतका वीट आला होता की भाजी करपली तरी मी म्हणायचे, शहाच्या राज्यात नसती हो करपली!

आणि माझ्या मुलानं पुण्यात मुलगी पसंत केली ती नेमकी इराणची. नानांना आभाळ ठेंगणं झालं. पोर गोड आहे, पुण्यात शिकायला येऊन राहिलेली, मराठी तर माझ्यापेक्षा स्वच्छ बोलते. तिला वडील नाहीत. हो की नाही ते आई ठरवणार, आणि त्यासाठी ती तिकडून आमचं घर बघायला आली. मी मागच्या अंगणात कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजली, लाकडी बडगीत भरीत ठेचलं, कळण्याच्या भाकरी केल्या. नानांनी सकाळीच बाजारातून शहासाठी ताजा हार आणला. "पाव्हणीले तिना राजाना मान दिसू दे." मला वाटलं, बरंच आहे, बाईंना आवडेल. आम्ही असेच. पाहुणा ज्या गावचा, त्या गावचा राजा त्याचा लाडका, हे आम्ही धरूनच चालतो.

बाई दारात आल्या. एक चप्पल काढली आणि फोटो बघून तशाच थांबल्या. मग आत येऊन फोटोकडे पाठ करून बसल्या. नानांच्या ते गावीही नाही. त्यांनी जपून ठेवलेली फारसी बाहेर काढली, "शाह खैली खूब! खैली खूब!" म्हणजे शहा फार चांगला.

बाई शांतपणे बराच वेळ बोलल्या. मुलीनं खाली बघत आम्हाला सांगितलं, "आई म्हणते, तिचा भाऊ कॉलेजात होता. शहाच्या पोलिसांनी त्याला नेलं. परत आला तेव्हा तळपायांची अशी दशा होती की पुढे जन्मभर त्याच्या पायात बूट चढला नाही. नंतर आले तेही काही धुतल्या तांदळासारखे नाहीत, म्हणते. पण ह्याला हार?"

निदान तेव्हा तरी नानांनी गप्प बसावं की नाही? "काहीतरी करेल व्हई त्यानी. उगाच कोन कोनले उचलस?"

अगंबाई! धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं झालं मला. लाज नानांची वाटली, त्याहून जास्त त्या वाक्याची. आमच्या गल्लीत कोणाच्या पोराला पोलिसांनी नेलं की हेच वाक्य सगळ्यांच्या तोंडी असतं, आणि सगळ्यांत मीही आले.

मुलीनं ते आईला सांगितलंच नाही. पण बाईंनी नानांचा चेहरा वाचला असावा. त्या काहीतरी अगदी थोडं बोलल्या. "आई म्हणते, आमचे शेजारीही हेच म्हणायचे," मुलगी म्हणाली.

ताटं वाढली. बाई मान राखायला भाकरीचा तुकडा मोडत होत्या. माझ्या मुलाचं तोंड एवढंसं झालं होतं. नानांनी ताट सरकवलं आणि मुलीला जवळ बोलावून हळूच विचारलं, "बेटा, 'माले मालूम नव्हतं', हाई फारसीमा कसं सांगतस?" तिनं सांगितलं. नानांनी ते पुटपुटत घोकलं, उठले, बाईंपुढे जाऊन हात जोडले. घोकलेलं म्हणायला तोंड उघडलं. एकदा फोटोकडे बघितलं आणि तिथेच, त्यांच्या त्या इराणी गालिच्यावर, मटकन खाली बसले.

"नही. ते खोटं शे. माले मालूम व्हतं. बठ्ठासले मालूम व्हतं. एखादा मानूस एकदम कामवर दिखाये नही, ते कोनी इचारे नही. पगार चांगला व्हता."

बाई मुलीकडे बघायला लागल्या, काय म्हणतात हे? पोरीला पुण्याची मराठी येते, नानांची बोली अर्धीच कळते. तिनं माझ्याकडे बघितलं. तिच्यामागून माझा मुलगा मला मानेनं खुणावत होता, नको, नको. नाना माफी मागताहेत, एवढं म्हटलं असतं तर सगळं निभावून गेलं असतं. ते शब्द माझ्या अगदी ओठांवर आले होते.

"सांग बाई आईला," मी म्हटलं, आणि नानांचं बोलणं शब्दन् शब्द तिला तिच्या मराठीत सांगितलं, पगारासकट. मान मात्र वर करवली नाही.