डार्लीनचे हात

डार्लीन वेस्ट्रम आमच्या शाळेची नर्स. तिच्याइतकी दमलेली बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि शाळेच्या ऑफिसात जन्म काढल्यामुळे दमलेल्या बायका मी पुष्कळ पाहिल्या आहेत. आसपासच्या गावांतल्या सगळ्या शाळांना मिळून ही एकच नर्स. सकाळी कुणाच्या डोक्यात उवा, दुपारी कुणाला दमा, आणि शाळा सुटताना कुणाच्या तरी आईचा फोन, की नुसत्या तापासाठी मला कामावरून का बोलावलंत. डार्लीन सगळं ऐकून घ्यायची. फोन ठेवला की माझ्याकडे बघून म्हणायची, "बेव, मी इथे मरून पडले ना, तर उठवू नकोस गं बाई. जरा पडू दे."

एका गोष्टीत मात्र ती दमायची नाही. दर फेब्रुवारीत ती सगळ्यांना जिममध्ये जमिनीवर बसवायची. मास्तर, स्वयंपाकघरातल्या बायका, बसचे ड्रायव्हर, पाचवीची पोरं, कुणाची सुटका नाही. समोर रबरी बाहुले, आणि बंद पडलेलं हृदय छाती दाबून कसं चालू करायचं याचे धडे. "विचार करत बसू नका," ती ओरडायची. "तुमचं डोकं घाबरेल. हातांना शिकवून ठेवा!" आणि आम्ही शिकलो. आमच्या एका स्वयंपाकिणीने चर्चच्या जेवणात, भट्टीत भाजलेल्या हॉटडिशच्या टेबलाशेजारी कोसळलेल्या म्हाताऱ्याला खरोखर परत आणलं. तेव्हापासून आमच्या गावात हॉकीच्या सामन्याला बाकावर डुलकी काढायचीसुद्धा सोय उरली नाही.

मग हॉस्पिटलातून तिसरीच्या वर्गात मार्नी थीडे परत आली.

मार्नीच्या हृदयाचा स्नायू सैल पडत चालला होता. फुप्फुसंही गेलेली, त्यामुळे दुसरं हृदय बसवण्याचा प्रश्न नव्हता. आदल्या वर्षी हॉस्पिटलात तिचं हृदय थांबलं होतं, आणि डॉक्टरांनी ते चालू केलं होतं. त्यात तिच्या बरगड्या मोडल्या आणि कित्येक आठवडे घशात नळी राहिली. त्यानंतर तिची आई रोंडा आणि डॉक्टर यांनी ठरवलं, पुन्हा थांबलं तर थांबू द्यायचं. तसा कागद झाला, सह्या झाल्या. मार्नीचं म्हणणं एवढंच होतं, की तोवर तिला शाळेत जायचंय.

दुपारी ती डार्लीनच्या खोलीतल्या खाटेवर पडायची. माझ्या टेबलाच्या मागे नुसतं दार, त्यामुळे सगळं ऐकू यायचं.

"मिसेस वेस्ट्रम, तेव्हा तुम्ही असाल ना?"

"असेन की. मला कुठे जायला मिळतंय?"

"मग दाबू नका हं. फार दुखतं. नुसतं धरा मला."

डार्लीनने पांघरूण नीट केल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "बरं. शब्द दिला."

शब्द द्यायला काय लागतं! शाळा मंडळापुढे तो पाळायची परवानगी मिळवताना तिच्या नाकी नऊ आले. वकील म्हणाला, शाळेने नेहमी वाचवायचाच प्रयत्न केला पाहिजे, नाहीतर कोर्टात उभं राहावं लागेल. एक बाप उठून म्हणाला, "आमच्या पोरांच्या डोळ्यांदेखत पोरगी मरणार? हा काय दवाखाना आहे?" मला त्याच्या अंगावर कॉफी ओतावीशी वाटली. डार्लीन ओव्हरकोट न काढता तशीच बसलेली. शांतपणे म्हणाली, "डोळ्यांदेखत नाही मरणार. बाई वर्गाला लायब्ररीत नेतील, मी तिच्यापाशी येईन. ॲम्ब्युलन्सला बेव फोन करेल, आणि ती भोंगा न वाजवता येईल. तुमच्या पोराला दिसेल ते एवढंच, की मार्नीजवळ कुणीतरी बसलंय." बैठकीमागून बैठक झाली. हिवाळा सरत आला तेव्हा कुठे त्यांनी हो म्हटलं. त्या दिवशी पार्किंगमध्ये गाडीवरचं बर्फ खरवडताना डार्लीन मध्येच थांबली आणि म्हणाली, "जिंकले म्हणायचं का गं हे?" मी दुसरी काच खरवडायला घेतली.

पुढचे कितीतरी दिवस ती मास्तरांना समजावत होती. काय करायचं नाही ते. फोन कुणाला, दार कुणी लावायचं, हात कुठे ठेवायचे. "तिचा हात धरा आणि माझी वाट बघा." मास्तर माना डोलवायचे. घाबरलेले सगळेच होते. डार्लीनला काळजी जिमच्या सरांची वाटायची, कारण दाबण्यात ते सगळ्यांत पटाईत.

एप्रिलमध्ये, जेवणानंतर, मार्नी खाटेवर पडली होती. डार्लीन तिला पोरांचे किस्से सांगत होती. मी हजेरी भरत होते. किस्सा अर्ध्यात थांबला. मग खाट सरकल्याचा आवाज आला आणि मोठ्याने मोजायचा आवाज, जिममध्ये दर फेब्रुवारीत ऐकलेला.

मी दार ढकललं. मार्नी जमिनीवर होती आणि डार्लीन तिच्यावर वाकून, कोपर ताठ ठेवून, छाती दाबत होती. चेहऱ्यावर काही म्हणता काही नव्हतं.

"डार्लीन!" मी म्हटलं. ती मोजतच होती. मी गुडघ्यांवर बसले आणि तिचे दंड मागून धरून ओढले. "अगं, तू शब्द दिलायस तिला!"

तिने झोपेतून उठल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं, आणि त्या पोरीला उचलून मांडीवर घेतलं. "झालं, राणी," ती म्हणत राहिली. "झालं हं. नाही दाबत." मार्नीचा एक श्वास आला, बऱ्याच वेळाने आणखी एक, आणि मग आला नाही. मी ठरल्याप्रमाणे फोन केले. रडत केले, पण केले.

ॲम्ब्युलन्स भोंग्याशिवाय आली. ॲम्ब्युलन्सवरच्या पोरांनी कागद पाहिला, टोप्या काढल्या आणि दाराशी उभी राहिली. रोंडा टर्कीच्या मांसाच्या कारखान्यातून तशीच आली, केसांवर जाळी, पायांत रबरी बूट.

डार्लीन अजून जमिनीवरच होती. मी मनात म्हणत होते, आता बोलू नकोस, बाई, काय गरज आहे? पण ती बोललीच.

"रोंडा, मी दाबलं. चारपाच वेळा तरी. तिला शब्द दिला होता आणि मी दाबलं. बेवने ओढलं म्हणून थांबले."

रोंडा भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली. तिने मार्नीच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"थांबलीस ना," ती म्हणाली. "मी थांबले नसते. रोज रात्री पडल्यापडल्या मला कळायचं, की घरी झालं तर मी सही विसरणार, सगळं विसरणार, आणि कुणी ओढायलाही नाही घरात. हिच्या अंगात ताकद नव्हती तरी रोज शाळेत का आणून सोडत होते मी हिला, डार्लीन?"

मग तिने दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाली, "दे आता माझ्याकडे."