बायकोची सही

गोव्यात डिचोलीला फ्लॅट घेताना करारनाम्यावर माझंही नाव घाला, असं मी एकदा म्हणाले होते. ह्यांनी हसण्यावारी नेलं. "बायकोची सही कित्याक होयी? घर तुझाच मां?" आम्ही मूळ सीमेपलीकडच्या दोडामार्गचे, हे खाणीवर ट्रक चालवणारे. आमच्याकडे बाईची सही चालते ती पोरांच्या प्रगतिपुस्तकावर. एरवी मी कोणाचं ऐकून घेणारी नव्हे, पण त्या दिवशी माझी अक्कल शेण खायला गेली होती.

राहायला आल्यापासून दर बुधवारी, बाजाराच्या दिवशी, एक म्हातारी फाटकाशी येऊन उभी राहायची. भिकारीण म्हणावी तर अंगावर चांगलं लुगडं. काही मागायची नाही, बोलायची नाही. एकेक मजला निरखत आमच्या खिडकीवर नजर लावायची. मला ती अजिबात आवडायची नाही. मी पडदा ओढून घ्यायचे.

यंदा खरेदीखत करायला आम्ही इमारतीतली आठही घरं रजिस्ट्रार कचेरीत गेलो. कारकुनाने कागद चाळले आणि विचारलं, "जमीनमालकाच्या बायकोची सही कुठं आहे?" गोव्याच्या कायद्याने जमीन नवरा-बायको दोघांची. मालकाने एकट्याच्या सहीवर बिल्डरला मुखत्यारपत्र देऊन टाकलं होतं आणि आम्ही कोणी ते उघडूनही पाहिलं नव्हतं. कागद परत. बिल्डर फोन उचलेना. मालकाची बायको राहते कुठे, असं मी कारकुनालाच विचारलं.

"नवऱ्याला सोडून लाटंबार्श्यात माहेरी असते. बुधवारी बाजाराला येते."

म्हणजे जिला बघून मी पडदा ओढून घ्यायचे, तीच.

त्या बुधवारी मी तिला वर आणली. चहा दिला, उंडो पाव दिला. तिने कशाला हात लावला नाही. ह्यांनी कागद पुढे ठेवले. "मावशी, एक सही करा," मी म्हटलं. "आठ संसार उघड्यावर येतील."

"माका कोणी इचारूक नाय," ती म्हणाली. "माझे माड तोडले, तेव्हाय नाय." मग तिने आमचा करारनामा उलटसुलट करून पाहिला. "हेच्यार तुझी सही खंय, बाय?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे लादीकडे बघत होते. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"नाही," मी म्हटलं.

"मगे तू कोण मागणारी?"

ती उठली आणि जिना उतरून गेली. रागावलीसुद्धा नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली. महिनाभर बुधवारी फाटकाशी कोणी आलं नाही.

मग एका सकाळी कोर्टाचा माणूस तिने लावलेल्या दाव्याची नोटीस घेऊन आला. हे कामावर होते. मी दार उघडून नोटिशीसाठी हात पुढे केला, तर त्याने कागद मागे घेतला आणि माझ्या खांद्यावरून आत बघत विचारलं, "घराचे मालक आहेत का?"